तगणें आणि नांदणें

जो तक्रार करीत नाहीं तो सुखांत आहे, असा एक सोयीचा समज आपल्या घरांतून फार दिवस चालत आला आहे. सोशिक माणसाच्या वांट्याला कोंदट खोली यावयाची, आणि 'त्यांचें कांहीं मागणें नसतें' असें त्याचें समर्थनही व्हावयाचें! बेट्टा नांवाच्या माशाचें नेमकें असेंच होतें.

माझ्या नातवानें हा चार बोटें लांबीचा, झालरीसारख्या परांचा मासा घरीं आणला, तेव्हां दुकानदारानें एक लहानशी बरणी पुरे म्हणून सांगितलें होतें. घरांतील मंडळींनाही तें पटलें. माझें म्हणणें निराळें पडलें.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथील भातखाचरें व दलदली हें त्याचें माहेर. अशा कोमट, संथ पाण्यांत प्राणवायु थोडा. म्हणून कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यांत एक विशेष इंद्रिय असतें, व त्यायोगें तो वर येऊन हवेंतील श्वास घेऊं शकतो. यामुळेंच तो बरणींत तगतो. परंतु तगणें निराळें, नांदणें निराळें. भातखाचर उथळ असलें तरी विस्तीर्ण असतें! शिवाय माशाच्या मलापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. थोड्या पाण्यांत तें लवकर सांचतें. मोठ्या पेटींत गाळणी चालू असली, म्हणजे तींत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें अखेर सौम्य द्रव्यांत रूपांतर करतात.

तेव्हां त्याला निदान २० लिटर पाण्याची पेटी हवी. पाणी २४ ते २८ अंशांचें असावें; पुण्याच्या थंडींत त्यासाठीं विजेची कांडी लागते. गाळणीचा प्रवाह मंद असावा, कारण लांब परांना ओढ सोसत नाहीं. लपावयास पाणवनस्पति असाव्यात. मासा उडी मारतो म्हणून वर झांकण हवें, मात्र त्याखालीं हवेला जागा ठेवावी. आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें, व नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा. दुसरा नर सोबतीला कदापि ठेवूं नये. झुंज अटळ आहे.

"एवढ्याशा जिवासाठीं एवढा खटाटोप?" असें आमचे थोरले बंधु म्हणाले. खटाटोप आहेच; ज्या मजबूत मेजावर माझे कोशग्रंथ असत, तें मेज मला सोडावें लागलें. पण बलवानानें दुर्बळास गिळावें या स्थितीला आपल्या शास्त्रकारांनीं 'मत्स्यन्याय' म्हटलें आहे. घरीं आणलेला मासा आपला आश्रित होय. तो दाद मागूं शकत नाहीं म्हणून त्याला बरणींत कोंडणें, हा माणसानें माशाला लावलेला मत्स्यन्यायच नव्हे काय?

या माशाचा नर पाण्यावर बुडबुड्यांचें घरटें बांधतो आणि पिलें पोहूं लागेपर्यंत त्याची राखण करतो. घर कशाला म्हणतात हें त्याला चांगलें कळतें. ज्या गृहस्थाला एवढी जागा काढतां येत नसेल, त्यानें मासा आणूंच नये. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.