वेदनेचें दुसरें काम

मज्जातंतु म्हणजे शरीरांतील जासूद. पायांत कांटा मोडला, कीं त्याची वर्दी मेंदूकडे पोंचवावयाची, एवढेंच त्याचें काम, अशी सामान्य समजूत असते. ती खोटी नाहीं, पण अर्धी आहे. ज्या टोंकानें तंतु दुखापतीची खबर घेतो, त्याच टोंकांतून तो कांहीं द्रव्यें जखमेंतहि सोडीत असतो. जासुदानें खबर धाडून स्वतः तेथेंच दुरुस्तीस लागावें, तसला हा प्रकार आहे.

ज्यांनीं बाळपणीं छडी खाल्ली आहे, त्यांनीं याचा पुरावा स्वतःच्या हातावर पाहिलेला आहे. (छडी आतां कायद्यानें गेली, हें उत्तम झालें.) प्रथम तांबडी रेघ, मग तिच्या भोंवतीं पसरणारी लाली आणि शेवटीं वर आलेला वळ. लंडन येथील सर थॉमस लुइस यांनीं १९२७ च्या आपल्या ग्रंथांत या तिन्ही अवस्थांचा विचार केला आहे. संवेदनेचे तंतू मरून गेलेल्या त्वचेवर रेघ उमटते, वळहि उठतो. लाली मात्र पसरत नाहीं. अर्थात् ती लाली तंतूंची करणी होय.

तीं द्रव्यें कोणतीं? १९३१ सालीं उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आंतड्यांच्या अर्कांत रक्ताचा दाब उतरविणारें एक द्रव्य आढळलें. त्याचें 'सब्स्टन्स पी' हें नांव अजूनहि चालू आहे. ११ अमिनो आम्लांची ती एक आंखूड सांखळी, म्हणजे पेप्टाइड, आहे. दुसरें, ३७ दुव्यांचें 'सीजीआरपी', १९८० नंतर उजेडांत आलें. हें दुसरें सूक्ष्म धमन्या रुंदावून रक्ताचा ओघ वाढवितें. पहिलें वाहिन्यांच्या भिंती पाझरत्या करून पांढऱ्या पेशींना बोलावतें. याहून महत्त्वाचें म्हणजे दोन्ही द्रव्यें वाहिन्यांच्या अस्तरांतील पेशींना वाढीस लावतात, आणि त्यामुळें नव्या केशवाहिन्यांना कोंब फुटतात. पाट न पोंचलेल्या वाफ्यांत रोप धरत नाहीं, तसें केशवाहिन्यांवांचून जखमेंत नवें मांस धरत नाहीं.

या गोष्टीची किंमत आम्हांस आमच्या वडील बंधूंच्या पायामुळें कळली. मधुमेह वीस वर्षांचा. वहाणेचा खिळा टांचेंत शिरला तो त्यांना कळलाच नाहीं. फरशीवरील रक्ताचे ठसे वहिनींनीं पाहिले, तेव्हां उलगडा झाला. "अरे, दुखत तर नाहीं, मग एवढा गवगवा कशाला?" असें ते म्हणाले. दुखत नव्हतें, हीच तर भीति होती. जुन्या मधुमेहांत त्वचेंतील सूक्ष्म तंतू विरळ होतात; वेदना जाते आणि तिच्याबरोबर दुरुस्तीचें साहित्यहि आटतें. सगळा दोष तंतूंवर घालणें मात्र न्याय्य नव्हे. रक्तवाहिन्याहि अरुंद होतात, आणि दुखत नसल्यामुळें मनुष्य त्याच जखमेवर चालत राहतो. डॉक्टरांनीं चार महिने टांच जमिनीस लागूं दिली नाहीं, तेव्हां कोठें जखम भरली. पाय राहतो कीं जातो, या विवंचनेंत ते चार महिने घरांत कोणासहि सुखाची झोंप लागली नाहीं.

उंदरांच्या जखमांवर 'सब्स्टन्स पी' लावून त्या लवकर भरल्याचे प्रयोग झालेले आहेत. अडचण अशी, कीं शरीरांतील एन्झाइमें हें द्रव्य भराभर तोडून टाकतात. सुश्रुतानें व्रणाचे ६० उपक्रम सांगितले. त्यांत या एकाची भर पडावयास अजून अवकाश आहे. तोंपर्यंत रोज रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं आमचा नातू बंधूंचे तळवे दिव्यापाशीं न्याहाळतो. बोटांमधील फटीहि तो सोडीत नाहीं.