आळीची यादी

1974 साली नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता आणि आमचं तालुक्याचं गाव महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतं. मी तेव्हा शाळेत. चुन्यात नीळ कालवून भिंतीवर चिन्हं रंगवली जायची, टांग्यावर कर्णा बांधून प्रचार व्हायचा. उमेदवार दारात आला की आजीच्या पाया पडायचा आणि आजी त्याला समोर बसवून गटार कधी उपसणार ते विचारायची. निवडून आलेला मेंबर त्याच आळीत राहायचा. पहाटे दूध आणायला निघालेला तो कुणाला चुकवू शकत नसे.

मला सगळ्यात जास्त आठवते ती मतदार यादी. संध्याकाळी पारावर कंदील ठेवून कार्यकर्ते एकेक नाव मोठ्यानं वाचायचे आणि भोवती बसलेली माणसं सांगायची, ही सासरी गेली, हे आषाढात वारले, हा मुंबईला गिरणीत आहे पण मताला येतो. लाल पेन्सिलीनं खुणा व्हायच्या. कागदावरची चूक आळीच्या नजरेतून सुटत नसे. मताचं वय तेव्हा एकवीस होतं, त्यामुळे कॉलेजातली पोरं घसा बसेपर्यंत प्रचार करायची आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभी राहायची.

आदल्या दिवशी बायकांना मतपत्रिकेची घडी शिकवली जाई. शिक्का चौकटीत मधोमध मारायचा, रेघेवर नाही. मग आधी उभी घडी, नंतर आडवी. उलटं केलं तर ओल्या शाईचा ठसा समोरच्या चिन्हावर उमटायचा आणि मत कुणाला, हा वाद मतमोजणीच्या टेबलावर रंगायचा. आमच्या शेजारच्या काकूंनी वर्तमानपत्राच्या कागदावर दहादा घडी घालून बघितली होती. आपलं मत बाद होऊ नये, एवढाच त्यांचा ध्यास.

पण त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायला मी तयार नाही. आमच्याकडे 1974 नंतर पुढची निवडणूक झाली थेट 1985 साली. अकरा वर्षं! शिवाय सभागृहात बाई दिसणं दुर्मीळ. हे बदललं ते कायद्यानं. 1989 पासून अठरा वर्षांच्या मुलामुलींना मत मिळालं. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली, पाठोपाठ 1994 मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. महिलांना आधी एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. आजी ज्या सभागृहाची पायरी कधी चढली नाही, तिथे आज बायका अर्थसंकल्पावर भांडतात. माझ्या दृष्टीनं गेल्या पन्नास वर्षांतली ही सगळ्यात मोठी कमाई आहे.

म्हणूनच 2016 नंतर बहुतेक नगरपरिषदांसाठी थेट 2 डिसेंबर 2025 उजाडावा लागला, याचा राग येतो. मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असं घटनेत लिहिलेलं आहे. तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि गावोगावी प्रशासक बसले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला तेव्हा कुठे चक्र हललं. मतदान यंत्रावर झालं, पण काही ठिकाणचं मतदान 20 डिसेंबरवर गेल्यामुळे सगळ्यांचाच निकाल 21 तारखेपर्यंत थांबला.

आता एका प्रभागात सहसा दोन नगरसेवक असतात. त्यामुळे दोन मतं त्यांना आणि तिसरं नगराध्यक्षाला. बटणं दाबणं अवघड नाही. अवघड आहे ते नंतर, कारण पाणी आलं नाही तर दोघांपैकी कुणाला धरायचं? एक प्रभाग, एक सदस्य हीच पद्धत बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारावरचं यादीवाचनही गेलं. अर्धी आळी फ्लॅटमध्ये गेली, नवी कुटुंबं आली, आणि आता एकमेकांची ओळखपाळख कुणालाच नाही. या निवडणुकीत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे यादीत दोन तारे छापावे लागले. कुणाचं नाव भलत्याच प्रभागात, कुणाचं नाहीच. केंद्रावर हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण पालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेऊन ती प्रभागवार फोडतात. या वेळी ती तारीख होती 1 जुलै 2025. त्यानंतर राज्य निवडणूक आयोग प्रभागाची किंवा लेखनातली चूक दुरुस्त करतो, नवं नाव घालू शकत नाही.

नाव नोंदवायला आता वर्षातून चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. घरात कुणाला अठरा पूर्ण होत असतील तर नमुना 6 भरा, घर बदललं असेल तर नमुना 8. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचीही नावं तेवढी बघून द्या.