वल्ह्याचा धडा

गेल्या नाताळच्या सुटींत भंडारदऱ्यास जाण्याचा योग आला. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्यामागील जलाशय सकाळीं आरशासारखा निश्चळ होता. एका स्नेह्याची कयाक घेऊन मी गळ टाकावयास निघालों. ही अरुंद नाव मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. ते ती सीलच्या कातड्याची करीत. दोन्ही टोकांस पातीं असलेलें तिचें वल्हें मजला फार सोपें वाटलें. काठावरील वृद्ध कोळी म्हणाला, “गुरुजी, तरंगतें जाकीट घाला.” मीं हंसून तें तेथेंच ठेविलें.

दुपारीं गळास लहानसा रोहू लागला. स्थिर पाण्यांत रोहूची वीण होत नाहीं, बीज आणून सोडावें लागतें. म्हणून मीं त्यास परत सोडिलें. तोंच डोंगरावरून वारा सुटला. मी जोर करूं लागलों, तशी नाव अधिकच आडवी होऊं लागली. हातपाय गळाले, ओठांवर प्रार्थना आली. इतक्यांत हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळें ओढणारा तोच कोळी ओरडला, “वाऱ्याशीं भांडूं नका, गुरुजी! नाक वाऱ्याकडं धरा, हळूहळू काठाच्या आडोशाला या.”

तसें केलें आणि तीरास लागलों. त्याचें नांव लिहून द्यावें म्हणून मीं वही पुढें केली. तो ओशाळून म्हणाला, “मला अंगठाच येतो.”

मुलांनो, त्या दिवशीं वर्गांत मी एकटाच विद्यार्थी होतों. आणि सकाळचा पाठ न ऐकल्यामुळें दुपारीं नापास होतां होतां वांचलों.