अजिंठ्याचा घाट

घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट. आमचे गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराजवळ आहे. जळगावला मामाकडे जाताना एस. टी. अजिंठ्याच्या घाटातून जाते. गंमत अशी की आपल्या बाजूने घाट चढायचा नसतो, नुसता उतरायचा असतो. कारण आपण पठारावर राहतो आणि खानदेश खाली आहे.

घाटातला दगड काळा आहे. फार पूर्वी लाव्हा थंड होऊन तो झाला, असे गुरुजींनी सांगितले. याच दगडात अजिंठ्याची लेणी कोरली आहेत. उतारावर साग, पळस, सीताफळ अशी झाडे आहेत. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो. उन्हाळ्यात सागाला पान राहत नाही.

मला सगळ्यात नवल वाटले ते पाण्याचे. डोंगरावरून उत्तरेला गेलेले पाणी वाघूर नदीतून तापीला मिळते व अरबी समुद्रात जाते. आपल्याकडे आलेले पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात जाते. ढग एकच, पण समुद्र दोन!

उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. मग आई लांबून हंडा आणते. आजोबा म्हणतात, "डोंगर उघडा पडला की पाणी पळून जातं, अन् माती बी संगं नेतं." झाडे असली की पाणी मुळाशी मुरते आणि हळूहळू खाली येते. म्हणून डोंगरावरचे झाड आपल्याच विहिरीचे आहे, असे मला वाटते. सरपणाला वाळलेल्या काटक्या आणाव्यात. ओले झाड कोणी तोडू नये.