नवा लॅपटॉप, पण आतला ऐवज कुणाचा?

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून आम्ही नवा लॅपटॉप घेतला. चालू करताच अँटिव्हायरसच्या मोफत मुदतीची जाहिरात, दोन खेळ, खरेदीचे एक ॲप असा सगळा बाजार स्क्रीनवर मांडलेला! पैसे आपले, यंत्र आपले, आणि त्यात काय राहावे हे ठरवणारे भलतेच. म्हणून सगळे पुसून विंडोज ११ नव्याने टाकायचे ठरले.

दुकानदार म्हणाला, "पाचशे द्या सर, माझी कॉपी टाकून देतो, त्यात सगळंच आहे." ही कॉपी म्हणजे कुलूप तोडलेली सिस्टीम. ज्या यंत्रावर आपली मुले शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आधार क्रमांक, जातीचा दाखला आणि पासबुक चढवणार, तिथे कुणा अनोळखी माणसाने काय घुसवून ठेवले आहे, हे कोण तपासणार? वस्तीतल्या लोकांना असलेच चालते, हे गृहीतक आम्हाला मुळीच मान्य नाही. शिवाय त्याची गरजच नव्हती. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या अलीकडच्या लॅपटॉपची लायसन्स-की बहुधा मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये साठवलेली असते. होमच्या जागी होम, अशी तीच आवृत्ती टाकली की नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. हे दुकानात कुणी सांगत नाही. सांगितले तर पाचशे कशाचे मागणार?

प्रत्यक्ष काम तासाभराचे. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा (त्यातले सगळे पुसले जाते) आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन तो तयार करावा. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावा, कारण नव्या सिस्टीमला वायफाय ओळखता आले नाही तर नेटच नाही, आणि नेट नाही तर ड्रायव्हरही नाही. काही इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. तिथे यंत्र बिघडले असे समजून घाबरू नये, स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा लागतो. मग डिस्क क्रमांक नीट पाहून जुनी पार्टिशन्स काढायची आणि मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करायचे. कंपनीचे रिकव्हरी पार्टिशनही त्यात जाते. आम्हाला त्याचे दुःख नाही, कारण त्यातून तोच बाजार परत आला असता.

खरा पेच पुढे होता. अभ्यासिकेची जुनी पत्रके, निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज श्रीलिपीत टाइप केलेले. नव्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! मजकूर शाबूत असतो, पण तो युनिकोड नसल्यामुळे त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही. जुन्या यंत्रावर फॉन्ट होताच, म्हणून तिथेच प्रत्येक पत्रकाची पीडीएफ काढली. महत्त्वाची निवेदने मुलींनी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. वस्तीच्या पाणीप्रश्नाचा पत्रव्यवहार उद्या शोधता येणार नसेल तर तो जपून काय उपयोग? इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की झाले.

आता लॅपटॉपवर ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि पीडीएफ वाचण्याची सोय एवढेच आहे. ॲडमिनचा पासवर्ड दोघींकडे असतो, बाकीच्यांसाठी साधे खाते. पेनड्राइव्ह कपाटात ठेवलाय. शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेने तो पुढच्या रविवारी मागितला आहे.