बर्फात हरवलेली पट्टी

वऱ्हाडातल्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीवरचा. लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी, तिच्यावर ओलं पोतं आणि फोडायला लोखंडी टोच्या. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्या लादीकडे नुसतं पाहूनही बरं वाटतं. असा मी माणूस फेब्रुवारी २०२३ मध्ये काश्मीरमधील गुलमर्गला मांडीपर्यंत बर्फात उभा राहून एक हरवलेली पट्टी शोधत होतो. ती हकीकत वाचक बंधु-भगिनींना सांगावीशी वाटते. त्यात थोडी प्रवासाची मजा आहे, आणि आपल्या घरांतील मुलांच्या जिवाशी निगडित असं काहीही आहे.

माझा भाचा अमरावतीला कॉलेजात शिकतो. सुट्टीत मंडप डेकोरेशनच्या कामावर जाऊन त्याने पैसे साठवले आणि गुलमर्गला बर्फावर घसरण्याचे, म्हणजे स्कीइंगचे शिबिर भरतात, त्यात नाव घातलं. त्याला पुढे सैन्यात जायचं आहे. ताईचा या दोन्ही गोष्टींना विरोध. "बर्फात जाऊ नको म्हनजे नको. ते माना गावचं पोरगं इसरला काय?" एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

ती काय म्हणत होती, ते आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. २५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात हिमकडे कोसळले आणि लष्कराचे अनेक जवान त्याखाली गाडले गेले. त्यांत अकोला शहरातील आनंद गवई आणि मूर्तिजापूर तालुक्यातील माना गावचे संजय खंडारे हे आपल्या जिल्ह्याचे दोन जवान होते. हवामान इतकं खराब होतं की त्यांची पार्थिवं घरी यायलाही दिवस लागले. ज्या जिल्ह्यात कधी बर्फ पडत नाही, त्या जिल्ह्याच्या दोन आयांच्या कुशी बर्फाने रिकाम्या केल्या.

शेवटी मी रजा काढली आणि ताईला म्हणालो, "मी त्याच्यासोबत जातो. डोळ्यांनी पाहून येतो. मग बोलू."

अकोल्याहून भुसावळ, भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू. तिथून पुढे रस्त्याने. चेनानी-नाशरी आणि बनिहालचे लांबलचक बोगदे ओलांडले की मुलूख बदलतो. घरांची छपरं उतरती, माणसांच्या अंगावर फेरन आणि फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी. श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर, तंगमर्गपासून वर, गाडीच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधून जावं लागतं. गुलमर्गची उंची साडेआठ हजार फुटांवर आहे. आपलं चिखलदरा साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे दोन चिखलदरे एकावर एक ठेवले तरी कमीच. लष्कराचं उंच पहाडावरील युद्धाचं शिक्षण देणारं केंद्र १९४८ पासून इथेच आहे.

पहिल्या दिवशी बर्फ पाहिला आणि मला जिनिंगचं आवार आठवलं. बर्फ दगडासारखा असेल अशी माझी समजूत होती. पण नुकताच पडलेला कोरडा बर्फ म्हणजे पिंजलेला कापूसच. मुठीत घेतला तर वजन लागत नाही, फुंकर मारली तर उडतो. त्यात बर्फ थोडा आणि हवा जास्त. म्हणून त्यावर पाय ठेवला की माणूस मांडीपर्यंत आत जातो.

चौथ्या दिवशी रात्रभर बर्फ पडला. सकाळी दाबून तयार केलेल्या वाटेवर मुलं शिकत होती. माझा भाचा दहा-पंधरा हात वाटेबाहेर गेला, मऊ बर्फात त्याचा तोल गेला आणि तो कोलांटी खाऊन खाली येऊन पडला. लागलं काही नाही. पण उठून पाहतो तर एका पायात पट्टी आणि दुसरा पाय मोकळा! माणूस पडला की बुटाची पकड आपोआप सुटते, नाहीतर पाय मुरगळून हाड मोडेल. ही सोय चांगली, पण सुटलेली पट्टी गेली कुठे? वर पांढरं, खाली पांढरं.

पट्ट्या भाड्याच्या होत्या. नव्या जोडीची किंमत तीस-चाळीस हजारांच्या पुढे. भाच्याचा चेहरा पडला. तो जिथे पडला होता तिथेच दोन्ही हातांनी बर्फ उपसू लागला. मीही धडपडत गेलो आणि पाय मारून पाहू लागलो. पंधरा मिनिटांत आम्ही दोघांनी सगळी जागा तुडवून टाकली. पट्टीचा पत्ता नाही.

तेवढ्यात शिकवणारे काश्मिरी गुरुजी वरून आले. पन्नाशीचा गृहस्थ, शांत. म्हणाले, "साहब, पाँव मत मारो. पहले बताओ, गिरा कहाँ से?"

ते शब्द कानावर पडताच मला चाळीस वर्षं मागे गेल्यासारखं झालं.

माझे वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो आणि कापसाच्या गंजीवर खेळायचो. एकदा वडील जेवायला बसले असता त्यांचा गाठी ओढायचा लोखंडी हूक मी खेळायला घेतला आणि गंजीवरून घसरताना तो हातून सुटला. कापसाने गिळून टाकला. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला, तो हुकाच्या किमतीने नाही. लोखंडाचा तुकडा कापसासोबत जिनच्या मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते, आणि कापसाला आग लागायला एक ठिणगी पुरते. आत माणसं कामाला होती. सगळे गंजीवर चढू लागले तसा म्हातारा मुकादम ओरडला, "कोनी पाय हालवू नका! पोट्ट्या, तुह्या हातातून सुटला कुठी ते पह्यले दाखव."

मी दाखवलं. तिथे त्याने एक बांबू रोवला. मग चार माणसं एका ओळीत उभी केली आणि हात-हात अंतरावर बांबू खुपसत खाली आणलं. तिसऱ्या ओळीला "ठक्" आवाज आला. मुकादमाने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि वडिलांना म्हणाला, "हूक भेटला हे ठीक. पोट्टं आत गेलं असतं तं?" कापसात माणूस गुदमरतो हे त्या दिवशी मला कळलं.

गुलमर्गच्या गुरुजींनी तेच केलं. भाचा जिथे थांबला तिथे नाही, तर जिथे तो कलंडला तिथे, म्हणजे आमच्यापासून वीस-पंचवीस हात वर, त्यांनी एक काठी रोवली. मग समजावून सांगितलं. पट्टी सुटते ती पडण्याच्या पहिल्या क्षणी. माणसाचं अंग वजनदार, ते गडगडत पुढे जातं. पट्टी मागेच राहते किंवा वरच्या थराखाली शिरून थोडी घसरते. म्हणून शोध वरच्या बाजूने सुरू करायचा. पाय मारले की बर्फ घट्ट होतो आणि वस्तू आणखी खाली जाते.

त्यांनी भाच्याची उरलेली पट्टी घेतली आणि सुरीने वडी कापावी तशी ती बर्फात उतारावर आडवी चिरत नेली. एक ओळ झाली की हातभर खाली दुसरी. पाचव्या-सहाव्या ओळीला खाली काहीतरी अडलं. हात घालून ओढलं तर पट्टी! वरून जेमतेम दीड हात खोल होती. आम्ही पंधरा मिनिटं जिथे घाम गाळला, तिथे ती कधी नव्हतीच.

गुरुजींनी स्वतःच्या पट्टीला बांधलेली लाल फीत दाखवली. दोनेक वार लांबीची. ती घडी घालून विजारीच्या पायात खोचायची. पडलो की ती उलगडते आणि बर्फावर तिचं टोक दिसतं. पाच-दहा रुपयांची फीत चाळीस हजारांची वस्तू वाचवते.

संध्याकाळी कहवा पिताना मी त्यांना गुरेझची आठवण सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. त्याच महिन्याच्या १ तारखेला गुलमर्गच्या अफरवत शिखरावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन पाहुणे दगावले होते. ते म्हणाले, माणूस शोधायची रीत हीच, फक्त घड्याळ वेगळं. कोसळून थांबलेला बर्फ कापसासारखा राहत नाही, सिमेंटसारखा घट्ट होतो. स्वित्झर्लंडमधील अपघातांच्या नोंदी तपासून डॉक्टरांनी काढलेला हिशेब असा, की पाव तासाच्या आत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात, पस्तीस मिनिटांनी दहापैकी तीनच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं लहान यंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडं लागतं. बाहेरची मदत येईपर्यंत वेळ गेलेली असते. सोबत्यालाच सोबत्याला काढावं लागतं.

याला अपवादही घडतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये एकोणीस हजार फुटांवर दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातील सुनील सूर्यवंशी होते. सहा दिवसांनी कर्नाटकचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. शोधकांनी यंत्रं वापरली, कुत्रे वापरले, बर्फ कापत खाली गेले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. पण सहा दिवस कोणी शोध थांबवला नव्हता, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या वस्त्यांतून दरवर्षी कितीतरी मुलं सैन्यभरतीला जातात. पहाटे मैदानावर धावतात, छाती फुगवतात. त्यांना धावायला सांगणारे पुष्कळ आहेत. पहाड, बर्फ, थंडी म्हणजे काय हे सांगणारे थोडे. मुलाला अडवणं आईच्या हाती फार दिवस राहत नाही. पण तो शिकून जावा, असा हट्ट आपण धरू शकतो. गांगरून जिथे उभे आहोत तिथेच उपसत बसू नये, आधी कुठे सुटलं ते पाहावं, एवढी एक गोष्ट त्याला घरातही शिकवता येते.

अकोल्याला परत आल्यावर ताईला सगळं सांगितलं. पट्टी हरवल्याचंही लपवलं नाही. तिने वडिलांच्या हुकाची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली, कारण त्या दिवशी घरी मार मला बसला होता आणि रडली ती होती. मग ती उठली, पेटीतून आईचं जुनं लुगडं काढलं आणि त्याचा लाल काठ दोन-दोन वार मोजून कापला.

"हे बांधजो," ती पोराला म्हणाली.

भरतीबद्दल ती अजून हो म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.