पेकनची वडी

न्यू ऑर्लिन्सची ‘प्रालीन’ म्हणजे पेकनची वडी. साखर, क्रीम व लोणी आटवून पाक गोळीबंद झाला, म्हणजे सुमारे ११५ अंश सेल्सिअसला आला, की भाजलेले पेकन घालून तो विस्तवावरून उतरवावा आणि घोटत राहावे. चकाकी मंदावताच चमच्याने कागदावर वड्या सोडाव्यात. घाई केली तर त्या पसरतात. उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो. दमट हवेत ही हौस न केलेली बरी! चिक्कीसारखी ती कडक नसते, बर्फीसारखी जिभेवर विरते.

मूळ फ्रेंच मिठाई बदामाची. लुईझियानात बदामाची जागा पेकनने घेतली आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी या वड्या रस्तोरस्ती विकल्या. पेकनचे पहिले यशस्वी कलम बांधले, तेही एका गुलाम माळ्याने. १८४६-४७च्या हिवाळ्यात, ओक ॲली मळ्यावर. त्याचे नाव आंत्वान. मालकाच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत त्याच्या कलमविद्येची नोंद आहे, आणि पुढे किंमत: १००० डॉलर. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्याच्या कलमांपासून आलेल्या फळांना पारितोषिक मिळाले. ते वाण ‘सेंटेनिअल’ या नावाने प्रसिद्ध झाले, आंत्वानच्या नव्हे.